रामोजीला पूर्ण दिवस द्या, हैदराबादला वेगळा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर छोट्या जाहिरातींची गर्दी होते. त्यातली एक जाहिरात दर वर्षी असते, फक्त नाव आणि फोन क्रमांक बदलतो: ‘रामोजी फिल्मसिटी व हैदराबाद दर्शन, दोन रात्री एक दिवस, चहा-नाश्ता-जेवणासह’. परभणी, नांदेड, लातूर, जालना, सगळीकडून या गाड्या सुटतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींचा कार्यक्रमही हाच असतो. रात्री जेवून बसमध्ये बसायचे, पहाटे हैदराबादला उतरायचे, एखाद्या लॉजच्या हॉलमध्ये तासाभरात तोंड धुऊन तयार व्हायचे, नऊला रामोजीच्या दारात, संध्याकाळी बाहेर, मग चारमिनारचे दिवे, बांगड्यांची खरेदी आणि पुन्हा बस.

पालकांना, मुख्याध्यापकांना आणि सहली काढणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. हा कार्यक्रम मोडा. आदल्या रात्री नीट झोपून रामोजीला जा, तो सबंध दिवस तिथेच काढा, रात्री हैदराबादेत मुक्काम करा आणि दुसरा दिवस शहराला द्या. क्रमही हाच ठेवा: आधी स्टुडिओ, मग शहर. असे का म्हणते ते सविस्तर लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत असे. आता निवृत्त आहे. गेल्या जानेवारीत मुलगा, सून, आठवीतली नात, चौथीतला नातू, यजमान आणि मी असे सगळे हैदराबादला जाऊन आलो. हट्ट नातवाचा होता. त्याच्या वर्गातली बरीच मुले रामोजी पाहून आली होती. त्यातल्या दोघातिघांना मी विचारले होते, काय पाहिलंत रे तिथे? “लाल बस होती, पक्षी होते, लई मोठं हाय.” एवढेच. चौकस, बोलकी पोरे आहेत ही. गावातल्या जत्रेचे वर्णन करायला बसली तर थांबत नाहीत. मग एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे खर्चून त्यांच्याजवळ सांगायला काहीच का नव्हते, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता.

त्याचे उत्तर त्या लाल बसमध्येच मिळाले. आमच्या बसमध्ये आपल्याकडच्याच एका शाळेची मुले होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. गाइड हिंदीतून जीव तोडून सांगत होता. इकडे निम्मी मुले पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून गाढ झोपली होती. सोबतचे सर एकेकाच्या खांद्याला हात लावून “उठा रे, बघा रे” करत होते आणि त्यांचे स्वतःचे डोळेही तांबारले होते. दोष मुलांचा नाही आणि सरांचाही नाही. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या लेकराला सकाळी दहाला काय दिसणार? ज्या आईबापांनी पदरमोड करून पैसे भरले, त्यांच्या मुलांनी रामोजीतली सर्वांत चांगली वेळ झोपेत घालवली. मला ते पाहवले नाही.

ही जागा काय आहे, ते मुलांना घरून निघण्याआधी सांगायला हवे. आपल्याकडे तिला बाग, पाळणे आणि फोटो काढायची जागा समजतात. ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक १९७४ साली विशाखापट्टणममध्ये सुरू करणारे रामोजी राव यांनी १९९६ मध्ये ही चित्रनगरी उभी केली. गेल्या काही वर्षांत आपण त्यांच्याविषयी वाचले ते त्यांच्या निधनाच्या बातमीत, जून २०२४ मध्ये. हैदराबादहून विजयवाड्याच्या रस्त्याला, शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर, १,६६६ एकर जागेत हा पसारा आहे आणि जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद आहे. निर्मात्याने कथा घेऊन आत यावे आणि तयार चित्रपट घेऊन बाहेर पडावे, अशी सोय एकाच आवारात करायची ही कल्पना. म्हणजे हा कारखाना आहे. इथे सुतार, रंगारी, वीजतंत्री, शिंपी, माळी रोज कामाला येतात. त्या कारखान्याचा काही भाग तिकीट घेऊन आपल्याला बघायला मिळतो.

मराठवाड्याचे तर या आवाराशी जवळचे नाते आहे. २००० साली ईटीव्ही मराठी वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्या बातम्यांचे काम इथूनच चालत असे. परभणीत पाणी आले नाही, नांदेडात मोर्चा निघाला, की त्याची बातमी हैदराबादजवळच्या या माळावर लिहिली जाई आणि तिथून आपल्या घरी दिसे. आपल्या भागातली कितीतरी मुले तेव्हा नोकरीसाठी तिकडे गेली. माझा एक विद्यार्थी त्यात होता. सुट्टीत आला की सांगायचा, “बाई, जेवायच्या सुट्टीत बाहेर पडलं की समोर राजवाडा असतो आणि त्याच्या मागं बांबू.” हे वाक्य मी नातवंडांना निघण्याआधी सांगितले होते. त्यामुळे दोघेही तिथे पोचल्यापासून बांबूच शोधत होते!

आणि शोधण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या पाटीवरचे गाव कथेप्रमाणे बदलते. विमानतळ आहे, तुरुंग आहे, मुघल बाग आहे, जपानी बाग आहे, परदेशातला वाटावा असा रस्ता आहे. काही इमारती समोरून एक आणि बाजूने भलत्याच काही दिसतात. ‘बाहुबली’चा भव्य सेट तिथे ठेवलेला आहे. तो बघायला सगळ्यांची झुंबड उडते. आमच्या नातवाने मात्र प्रत्येक ठिकाणी उतरले की खांबावर टकटक करायचा सपाटा लावला. एक खांब ‘टप्’ वाजे, दुसरा ‘ठक्’. पोकळ कुठला आणि भरीव कुठला याची तो बहिणीशी पैज लावत होता. एका भिंतीजवळ रंगारी उभा होता. नवी भिंत जुनी दिसावी म्हणून तो तिच्यावर पाण्याचे ओघळ रंगवत होता, शेवाळाचे डाग देत होता. बाकीचे लोक राजवाड्यापुढे फोटो काढत होते आणि आम्ही त्या माणसाचे काम बघत उभे होतो. त्याने नातवाला खूण करून जवळ बोलावले, ब्रश हलका कसा धरायचा ते दाखवले. त्याला मराठी येत नव्हते, याला तेलुगू येत नव्हती, पण दोघांचे छान जमले.

असे उभे राहायला वेळ लागतो. पाच वाजता चारमिनार गाठायचा असला की सहलीचा माणूस शिट्टी वाजवतो आणि रंगारी तिथेच राहून जातो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी जागा म्हणजे चित्रीकरण कसे होते ते करून दाखवणारा कार्यक्रम. प्रेक्षकांमधूनच काही जणांना बोलावतात. एका बाईला टांग्यात बसवतात. टांगा जागचा हलत नाही. माणसे तो नुसता गदागदा हलवतात, पंख्याचा वारा सोडतात आणि ती बाई घोडे हाकल्याचा अभिनय करते. बघताना हसू येते. मग दुसऱ्या दालनात नेतात. तिथे आणखी काही प्रेक्षक आवाज द्यायला उभे करतात, हातात साधीसुधी साधने. आमची नात त्यात होती. टापांचा आवाज तिच्याकडे आला. ती मुलखाची लाजाळू, वर्गात हात वर करत नाही. इथे मान खाली घालून, पडद्याकडे तिरका डोळा ठेवून तिने ताल धरला. शेवटच्या दालनात हे सगळे जोडलेले दृश्य दिसले. मागे रस्ता पळतो आहे, टांगा उधळला आहे, टापा वाजत आहेत. मघाशी हसणारे सगळे लोक एकदम गप्प झाले. तिथून बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “आजी, आपण ज्याला घोडा समजतो, तो कुणाचे तरी हात असतात.”

घरी आल्यापासून ती टीव्हीवरची मालिका डोळे मिटून ऐकते. पावले, दार, पावसाचा आवाज, हे कुणी कसे केले असेल याचा अंदाज घेते. शाळेतल्या गॅदरिंगच्या नाटकाला पडद्यामागचे आवाज देण्याचे काम तिने यंदा मागून घेतले. सहलीला ‘शैक्षणिक’ म्हणायचे तर तिच्यातून असे काहीतरी घडायला हवे.

आता नियोजनाचे बोलते, कारण बरेच जण इथेच अडतात.

आम्ही अजिंठा एक्स्प्रेसने गेलो. रात्रीची झोप बर्थवर झाली, सकाळी हैदराबाद. तरी तो पहिला दिवस आम्ही रामोजीला ठेवला नाही. खोली घेतली, आंघोळी केल्या, मुले दुपारी झोपली, संध्याकाळी हुसेनसागरच्या काठाने फिरलो, इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटे खाल्ली आणि लवकर आडवे झालो. दुसऱ्या दिवशी रामोजी. मुक्काम शहराच्या पूर्व भागात, दिलसुखनगर-एल. बी. नगरच्या बाजूला असला तर बरे पडते. मेट्रोची तांबडी मार्गिका एल. बी. नगरपर्यंत येते आणि तिथून विजयवाडा रस्त्याने जाणाऱ्या सरकारी बस रामोजीच्या फाटकाशी सोडतात. फाटकापासून आत न्यायला त्यांच्याच बस असतात, त्यातही बराच वेळ जातो, तो धरून निघावे. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा.

तिकीट स्वस्त नाही. मोठ्या माणसाला हजाराच्या वर पडते आणि मुलांचे तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरते, तेव्हा उंच वाढलेल्या नातवंडांच्या आजी-आजोबांनी हिशेब आधीच करावा. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. दशम्या-चटणी बांधून नेणाऱ्या आपल्या लोकांची तिथे पंचाईत होते. पोटभर न्याहारी करून जावे, आतले एक जेवण खर्चात धरावे. सकाळी ऊन चढण्याआधी उघड्या लाल बसची फेरी उरकावी आणि दुपारचे ऊन छताखालच्या कार्यक्रमांत काढावे. बहुतेक गट उलटे करतात, सकाळी पाळण्यांत रमतात आणि भर दुपारी उघड्या बसमध्ये बसतात. मे महिन्यात तर जाऊच नये. म्हातारी माणसे बरोबर असतील तर प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी उतरायचा आग्रह धरू नये. आमचे यजमान गुडघ्यांमुळे काही ठिकाणी बसमध्येच बसून राहिले आणि दुपारनंतर बागेत बाकावर निवांत पेपर वाचत बसले. त्यांनाही तो दिवस आवडला.

एखादा भाग चित्रीकरण चालू आहे म्हणून बंद असतो. तेव्हा काही लोक गाइडशी हुज्जत घालतात, पैसे भरलेत म्हणतात. मुलांना उलट सांगावे की आज इथे खरेच काम चालले आहे. आमच्या वेळी एका गल्लीच्या तोंडाशी आम्हाला थोपवून धरले होते. लांबून दिवे दिसत होते, एक माणूस हातातल्या कर्ण्यावरून ओरडत होता आणि तेच तेच चार जण पुन्हा पुन्हा रस्ता ओलांडत होते. नातवाला आधी कंटाळा आला, मग तो मोजायला लागला. एवढेसे चालायला एवढ्या वेळा का, असे त्याने विचारले. शुद्धलेखनाची वही त्याला दर आठवड्याला पुन्हा लिहावी लागते. त्याला मी निराळे उत्तर दिले नाही, फक्त त्याच्याकडे पाहिले.

आता रामोजीनंतरच्या, शहराच्या दिवसाविषयी. माझ्या सगळ्या आग्रहाचे मूळ इथे आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोवळकोंड्याला गेलो. आदल्या दिवशी ज्याने खोटे खांब वाजवले होते, त्या नातवाने फतेह दरवाजाशी पोचताच भिंतीवर टकटक केली. काहीच वाजले नाही. नुसता काळा दगड, आणि बोटे दुखली. तो त्या भिंतीकडे जसा बघत राहिला, तसा तो आदल्या दिवशी रामोजी न बघता आला असता तर बघितला नसता, याची मला खात्री आहे. ही भिंत आतूनही भिंतच आहे, मागे बांबू नाहीत, ही गोष्ट त्याला सांगावी लागली नाही. उलट क्रमाने गेलात तर रंगवलेला राजवाडा जिंकतो. मुलाला पडका किल्ला फिका वाटतो, कारण सेट नवा कोरा आणि चकचकीत असतो. नकली कसे करतात ते आधी डोळ्यांनी पाहिले की अस्सल गोष्टीची किंमत मूल आपोआप करते.

फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बाला हिसारला, गडाच्या टोकाला ऐकू येते, हे सगळ्यांनी ऐकलेले असते. बहुतेक लोक खालीच टाळ्या वाजवून पुढे जातात. आम्ही काम वाटून घेतले. पायऱ्या न झेपणारे आम्ही दोघे खाली थांबलो, मुलगा-सून नातवंडांना घेऊन वर चढले. वर पोचल्यावर त्यांनी फोन केला, मग यजमानांनी टाळ्या वाजवायच्या आणि वरून मुलांनी किती ऐकू आल्या ते सांगायचे. सकाळची वेळ, गर्दी नव्हती, त्यामुळे ते जमले. खाली आल्यावर नात म्हणाली, “रामोजीत आवाज नंतर लावतात, इथे बांधतानाच लावलाय.” इतकी वर्षे मी इतिहास शिकवला, कुतुबशाहीच्या धड्यावर इतके नेमके वाक्य मला कधी सुचले नव्हते.

आणि गोवळकोंडा हा आपला नाही असे कुणी समजू नये. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाला भेटायला हैदराबादेत आले होते. मादण्णा आणि आक्कण्णा हे दोघे भाऊ तेव्हा त्याच्या दरबारात कारभार बघत होते. पुढे दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला आणि याच अबुल हसनला, म्हणजे तानाशाहाला, कैद करून ठेवले ते आपल्या दौलताबादला. तिथला चिनी महाल आपल्या शाळांच्या सहलीत असतो. दौलताबाद पाहिलेल्या मुलाला गोवळकोंड्याच्या पायरीवर ही गोष्ट सांगा. कैदी झालेला माणूस कुठल्या घरातून तिकडे गेला, ते त्याला डोळ्यांसमोर दिसेल. एका दिवसात रामोजी आणि चारमिनार कोंबणाऱ्या सहलीत गोवळकोंडा बसूच शकत नाही, म्हणून तो वगळतात. हे मला फार लागते.

दुपारी सालारजंग वस्तुसंग्रहालय. हे शुक्रवारी बंद असते, तेव्हा वार बघून निघावे. आपल्याकडचे लोक तिथले वाजणारे घड्याळ आणि संगमरवरी बुरख्यातली रिबेका बघून बाहेर पडतात. दोन्ही बघण्यासारखीच आहेत. बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने दगडातून ओल्या कापडाचा भास कसा काढला असेल, हे उलगडत नाही. पण स्टुडिओ बघून आलेल्या मुलांना मी आधी त्या लाकडी जोडमूर्तीपुढे नेले. समोरून ताठ उभा, तोऱ्यातला पुरुष, म्हणजे ‘फाउस्ट’ या जर्मन नाटकातला सैतान मेफिस्टोफिलीस, आणि मागच्या आरशात बघावे तर मान खाली घातलेली त्यातलीच मार्गारेटा. दोघेही एकाच लाकडात कोरलेले. समोरून एक आणि मागून दुसरे हा खेळ त्यांनी आदल्या दिवशी इमारतींत पाहिलाच होता. नातवाने आरशासमोरून हलायचे नाकारले.

चारमिनार शेवटी, उन्हे उतरल्यावर. १५९१ सालची ही इमारत, दगड आणि चुन्यातली. तिच्यावरची नाजूक नक्षी चुन्याच्या गिलाव्यात केलेली आहे, हे मुद्दाम दाखवावे. सेटवरचा गिलावा चित्रीकरणापुरता टिकला तरी त्याचे काम झाले. हा गिलावा चारशे वर्षांहून अधिक काळ ऊन-पावसात उभा आहे. दोन्ही कारागिरांना हात तसाच लागतो, वेळ मात्र वेगळा मिळतो. लाडबाजारात बांगड्या घ्याव्यात, जरूर घ्याव्यात, पण आधी मान वर करून ती नक्षी पाहावी.

मराठवाड्यातल्या कुटुंबांनी आणखी एक अर्धा तास काढावा, ही माझी कळकळीची सूचना आहे. बेगमपेठेत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधी आहे. आपण दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, मुले भाषणे पाठ करतात. ज्यांच्या नावाने आपल्याकडे विद्यापीठ आहे ते स्वामीजी तिथे विसावले आहेत, हे किती घरांत ठाऊक आहे? आमच्या रिक्षावाल्याला जागा सापडायला थोडा वेळ लागला. आत आम्ही सोडून कुणी नव्हते. यजमानांचे वडील त्या लढ्यात तुरुंगात होते. यजमान तिथे बराच वेळ बसले. मुले शांत होती, त्यांना शांत राहा असे कुणी सांगितले नव्हते.

आता खर्चाचा मुद्दा. एक मुक्काम वाढला की पैसे वाढतात, आणि मराठवाड्यात सोयाबीन-कापसाच्या भावावर घरे चालतात हे मला नव्याने कळायला नको. शाळेच्या सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून घरी राहिलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. म्हणून माझे म्हणणे असे की पैसे एकाच दिवसाचे असतील तर एकच गोष्ट करा. फक्त गोवळकोंडा, सालारजंग आणि चारमिनार केले तर रामोजीच्या तिकिटाचे पैसे वाचतात आणि त्यात रात्रीचा मुक्काम बसू शकतो. रामोजी पुढच्या वर्षी. आपल्याला हैदराबाद रेल्वेच्या एका रात्रीवर आहे, ते कुठे पळून जात नाही. ज्यांना दोन्ही करायचे आहे त्यांनी रात्रीचा बसप्रवास टाळून रेल्वेने जावे. गटाचे आरक्षण आधी केले तर ते खासगी बसपेक्षा महाग पडत नाही आणि मुले आडवी झोपतात.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना स्टुडिओ बघायला हैदराबादच गाठावे लागते असे नाही. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली आणि तिच्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत पेडर रोडवर २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडले आहे. तिकडच्या शाळांनी त्यांचा विचार करावा. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना मात्र हैदराबादच जवळचे, आणि १९५६ पर्यंत तर तीच आमची राजधानी होती.

मुख्याध्यापकांना माझी स्पष्ट विनंती आहे. यंदाच्या सहलीचे दरपत्रक मागवताना दोन अटी लिहून घाला: मुले रामोजीला जातील त्याच्या आदल्या रात्री हैदराबादेत बिछान्यावर झोपतील, आणि रामोजीच्या दिवशी दुसरे कुठलेही स्थळ असणार नाही. सहल काढणारे कुरकुर करतील. त्यांना त्यांच्या गाड्या दुसऱ्या रात्री दुसऱ्या शाळेला द्यायच्या असतात. पण चार शाळांनी एकदम हे मागितले तर ते देतील, कारण गिऱ्हाईक आपण आहोत. सहलीला जाण्याच्या आठवड्यात इतिहासाच्या सरांनी कुतुबशाहीवर एक तास घ्यावा आणि चित्रकलेच्या सरांनी सेट कसा उभारतात यावर एक. मुलांना वहीत तीन-चार प्रश्न लिहून न्यायला सांगावे, उत्तरे त्यांनी तिथल्या कामगारांना विचारून आणावीत.

सहल काढणाऱ्यांनाही सांगते. ‘दोन रात्री एक दिवस’ ही जाहिरात बदलून ‘तीन रात्री दोन दिवस, सावकाश’ अशी करून पाहा. आजी-आजोबांना बरोबर घेऊन जाणारी कितीतरी घरे अशा गाडीची वाट बघत आहेत. आमच्याच गल्लीतल्या तिघींनी मला विचारून ठेवले आहे.

माझ्याकडे आमचे वेळापत्रक, रेल्वे-मेट्रोचा तपशील आणि मुलांना विचारायला दिलेल्या प्रश्नांचा कागद आहे. परभणी जिल्ह्यातल्या ज्या शाळांना तो हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावे, मी प्रती काढून पाठवीन. जानेवारीच्या सहलींची आखणी शाळांतून दिवाळीआधीच होते, म्हणून हे पत्र शक्य तितक्या लवकर छापावे ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी